बँजो, बार्बेक्यू आणि गावचा मदतनिधी

अमेरिकेत मुला-मुलींकडे चार-सहा महिने राहून आलेल्या आई-वडिलांना एक गोष्ट हमखास बुचकळ्यात टाकते. केंटकी, टेनेसी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या भागांतल्या छोट्या गावांत दुकानाच्या काचेवर, चर्चच्या पाटीखाली, पेट्रोल पंपाच्या खांबावर एकाच धाटणीची जाहिरात दिसते. शनिवारी दुपारी बार्बेक्यू, सोबत ब्लूग्रास बँड, आणि जमलेले पैसे गावच्या अग्निशमन दलाला. मग प्रश्न सुरू होतात. एवढा श्रीमंत देश, आणि आगीच्या बंबासाठी जेवणावळी घालाव्या लागतात? पैसेच हवेत तर सरळ वर्गणी का काढत नाहीत? आणि गाणं ठेवायचंच, तर दर वेळी ही बँजोवाली मंडळीच कशी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. अमेरिकेतल्या अग्निशमन जवानांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंसेवक आहेत. मोठ्या शहरांत पगारी दल असतं. खेड्यात मात्र दल म्हणजे एरवी शेती, शाळा नाहीतर गॅरेज सांभाळणारी आणि वर्दी आली की हातातलं काम टाकून धावणारी माणसं. सरकारी पैसा थोडाफार येतो, पण नवा बंब, होज, श्वसनयंत्रं यांची किंमत त्यातून निघत नाही. उरलेलं गाव उभं करतं. शाळेच्या वाद्यवृंदाचे गणवेश, वाचनालयाचं छप्पर, शेजाऱ्याचं हॉस्पिटलचं बिल यांचंही तसंच.

उरलेल्या दोन प्रश्नांसाठी आधी हे संगीत पाहावं लागेल, मग कढई आणि शेवटी हिशेब.

१. ब्लूग्रास आलं कुठून?

केंटकी राज्याला तिथल्या गवतावरून 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात. या राज्याच्या पश्चिम भागात रोझीन नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९११ साली बिल मनरो जन्मला. आठ भावंडांत धाकटा. घरात वाद्यं वाटली गेली तेव्हा फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी घेतली आणि याच्या वाट्याला मँडोलिन आलं. आई-वडील लवकर गेले. मग तो मामाकडे, पेन व्हँडिव्हरकडे राहिला. मामा फिडल वाजवायचा. आसपासच्या घरांत नाच असले की मामा-भाचे वाजवायला जायचे. आर्नोल्ड शुल्ट्झ हा कृष्णवर्णीय गिटारवादकही त्याच भागातला. मनरोने त्याच्याही साथीने नाचांत वाजवलं, आणि आपल्या संगीतातला ब्लूजचा रंग त्याच्याकडून आला हे मनरो पुढे सांगत असे.

१९३९ साली मनरो आपला 'ब्लू ग्रास बॉइज' हा बँड घेऊन नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात दाखल झाला. शनिवारी रात्री हा कार्यक्रम अनेक राज्यांतल्या घरांत ऐकला जायचा. १९४५च्या अखेरीस एकवीस वर्षांचा अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक त्यात आला, आणि गिटारवर लेस्टर फ्लॅट, फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स असा संच जमला. आज ज्याला ब्लूग्रास म्हणतात त्याचा साचा १९४६ ते १९४८ या काळात याच पाच जणांनी घडवला. इतरांनी तो उचलला, आणि पुढच्या दशकात बँडचं नाव संगीताच्या प्रकारालाच चिकटलं.

म्हणजे हे पुरातन लोकसंगीत नव्हे. लता मंगेशकरांचं पार्श्वगायन सुरू झालं त्याच दशकातला त्याचा जन्म. घटक मात्र जुने आणि चहूकडचे. फिडलच्या चाली स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या शेतकऱ्यांच्या, मँडोलिन इटलीचं, आणि बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी भोपळ्यावर कातडं ताणून केलेल्या तंतुवाद्यांतून ते अमेरिकेत घडलं.

इथे आपल्याकडच्या वाचकाने एक खूण लक्षात ठेवावी. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा कोकणातल्या बँजो पार्टीत वाजतो तो बँजो वेगळा. त्याला टाइपरायटरसारख्या कळा असतात आणि त्याचं मूळ जपानच्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. अमेरिकी बँजोला गोल, चामडं किंवा प्लास्टिक ताणलेलं तोंड आणि गिटारसारखा लांब दांडा असतो. दोघांत नावापलीकडे फारसं काही सारखं नाही.

२. पाच वाद्यं, पाच कामं

ठरावीक ब्लूग्रास बँडमध्ये बँजो, मँडोलिन, फिडल, गिटार आणि उभा बास ही पाच वाद्यं असतात. कधी सहावं म्हणून डोब्रो येतं. ही धातूची तबकडी बसवलेली गिटार आडवी धरून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवतात. ड्रम नसतात. वीज लागेल असं वाद्य परंपरेने नसतंच.

ड्रम नाहीत म्हणजे ठेका नाही असं मात्र नाही. तालाचं काम वाटून घेतलेलं असतं. बास प्रत्येक आवर्तनात दोन खोल स्वर देतो. त्या दोन स्वरांच्या मधल्या जागी मँडोलिनवाला सगळ्या तारा एकदम छेडतो आणि लगेच डाव्या हाताची पकड ढिली करून आवाज दाबतो. 'छक्' असा कोरडा आघात उरतो. याला चॉप म्हणतात. ड्रमचं काम हाच करतो. गिटार या दोघांना सांधते. फिडल लांब स्वर ओढते, आणि बँजो सगळ्यांवरून बारीक टपोऱ्या स्वरांची धार सोडत राहतो.

गाण्यात मुख्य आवाज एक, त्याच्या वर उंच पट्टीतला 'टेनर' आणि खाली 'बॅरिटोन'. तिघे एकाच वेळी वेगवेगळे स्वर लावतात. मनरोचा स्वतःचा आवाज फार उंच आणि टोकदार होता, म्हणून हा आवाज या संगीताची ओळख बनला. दोन कडव्यांच्या मध्ये एकेक वादक पुढे येऊन चाल आपल्या पद्धतीने वाजवतो. त्याला ब्रेक म्हणतात. एकाचा ब्रेक चालू असताना बाकीचे आवाज उतरवून ताल धरतात.

३. आठातले तीन, तीन आणि दोन

स्क्रग्जने बँजोत नेमकं काय केलं, ते साध्या मोजणीने समजतं.

तो तीन बोटांनी वाजवायचा. अंगठ्याला प्लास्टिकची आणि तर्जनी-मधल्या बोटाला धातूची नखी. त्याच्या नॉर्थ कॅरोलायनात तीन बोटांनी वाजवणारे आधीही होते. स्क्रग्जने ते इतकं सफाईदार आणि वेगवान केलं की बँजो साथीच्या वाद्यातून पुढे आला. एक आवर्तन आठ आघातांचं धरा. ते तो चार-चार असे तोडत नाही. अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-तर्जनी-मधलं, अंगठा-मधलं. म्हणजे तीन, तीन आणि दोन. बेरीज आठच.

आता टाळीने तपासून पाहा. एक ते आठ मोजा. बास पहिल्या आणि पाचव्या आकड्यावर पडतो, मँडोलिनचा चॉप तिसऱ्या आणि सातव्यावर. बँजोतला अंगठ्याचा जोर पडतो पहिल्या, चौथ्या आणि सातव्यावर. पहिला बासशी जुळला, सातवा मँडोलिनशी जुळला. चौथा मात्र कुणाशीच जुळत नाही. तो मध्येच उसळतो आणि ऐकणाऱ्याला पुढे ढकलतो. पाय आपोआप हलायला लागतो तो त्या चौथ्यामुळे. सेकंदाला एक आवर्तन हा या संगीतात सहज वेग आहे, म्हणजे एका सेकंदात बँजोचे आठ स्वर. बोटांच्या अशा क्रमाला रोल म्हणतात, आणि रोलचे असे अनेक प्रकार आहेत.

स्क्रग्जने १९४९ साली ध्वनिमुद्रित केलेली 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन' ही रचना पुढे १९६७च्या 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटात गाड्यांच्या पाठलागाला वापरली गेली. त्यानंतर अमेरिकेबाहेरही बँजो म्हटलं की लोकांना हाच आवाज आठवू लागला.

४. एक माइक पुरतो

आता मुद्द्याकडे. कार्यक्रम करणाऱ्या मंडळाच्या दृष्टीने या बँडची खरी खुबी म्हणजे त्याला काही लागत नाही.

मनरोने १९४०च्या दशकात स्वतःचा तंबू आणि घडीच्या खुर्च्या ट्रकवर घालून गावोगाव दौरे काढले. सोबत बेसबॉल खेळणारे गडीही असायचे. दुपारी गावच्या संघाशी सामना, संध्याकाळी तंबूत गाणं. सामन्याला जमलेलं गाव गाण्याला थांबायचं. हे संगीत असं मैदानात, शाळेच्या सभागृहात आणि शेताच्या कडेला वाढलं.

पूर्वीचे बँड एकाच माइकभोवती उभे राहायचे. पुढे प्रत्येकाला वेगळा माइक आला, आणि १९९०च्या दशकात डेल मकुरी बँडसारख्या नामवंतांनी पुन्हा एकच माइक मध्ये ठेवून वाजवायला सुरुवात केली. ही पद्धत जवळून पाहण्यासारखी असते. छातीच्या उंचीवर एक मोठा माइक. गाणारा त्याच्या अगदी समोर. कडवं संपता संपता तो अर्धं पाऊल डावीकडे सरकतो, आणि त्याच क्षणी बँजोवाला उजवीकडून खांदा तिरका करत वाद्याचं तोंड माइकपाशी आणतो. फिडलवाला गज उंच धरून मागे सरतो, नाहीतर तो कुणाच्या तरी डोळ्यात जायचा. गिटारवाला वाद्य खाली झुकवून वाट देतो. आवाज किती हवा हे माइकपासूनचं अंतर ठरवतं. दोन इंच पुढे म्हणजे मोठा, एक पाऊल मागे म्हणजे लहान. ध्वनिव्यवस्थापकाचं अर्धं काम वादकांच्या पायांनी झालेलं असतं.

दुसरी खुबी सामाईक गाण्यांची. बरीचशी गाणी तीन मुख्य कॉर्डवर चालतात. शे-दोनशे चाली या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असतात. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसं गोल करून बसतात आणि वाजवायला लागतात. याला जॅम म्हणतात. सुरू करणारा पट्टी सांगतो, ब्रेक ओळीने फिरतो, आणि गाणं संपवायचं असलं की सुरू करणारा एक पाय उचलतो. तेवढ्या खुणेवर सगळे एकत्र थांबतात. एकादशीला भजनी मंडळात शेजारच्या गावचा टाळकरी येऊन बसला तर त्याला कुणी तालीम विचारत नाही. अभंग ठाऊक, ठेका ठाऊक, तो थेट मिसळून जातो. जॅमचं असंच असतं, आणि म्हणूनच ठरलेल्या बँडचा फिडलवाला ऐन वेळी आजारी पडला तरी कार्यक्रम बुडत नाही.

तिसरी गोष्ट श्रोत्यांची. जवळपास प्रत्येक ब्लूग्रास बँडच्या पोतडीत भक्तिगीतं असतात. त्यामुळे चर्चच्या आवारात, आजी-नातवंडांसमोर काय वाजवायचं याची आयोजकांना चिंता नसते. वाजवणारेही बहुतेक हौशी. आठवडाभर नोकरी, शनिवारी वाद्य. फुकट वाजवायला ते तयार असतात, कारण त्यांना एरवीही वाजवायचंच असतं.

५. रात्रभर शिजणारी कढई

मनरोच्या रोझीनपासून तासाभराच्या आत ओहायो नदीकाठी ओवेन्सबरो हे शहर आहे. ब्लूग्रास संगीताचं मोठं संग्रहालय इथेच आहे. याच शहराची दुसरी ख्याती मेंढीच्या मटणाची. अमेरिकेत बार्बेक्यू म्हटलं की बहुतेक ठिकाणी डुक्कर किंवा बैल, इथे मेंढी. एकोणिसाव्या शतकात या भागात लोकरीसाठी मेंढ्या पाळत. लोकर देऊन थकलेल्या म्हाताऱ्या मेंढीचं मांस चिवट. त्यावर उपाय एकच, हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर मंद आंचेने तासन् तास भाजणं. वरून वूस्टर सॉसच्या आंबट, काळ्या पातळ मिश्रणाचा हात फिरवत राहायचं. त्याला तिथे डिप म्हणतात.

सोबत असतो बर्गू. मटण, कोंबडी, मका, बटाटे, कोबी, टोमॅटो, कांदा, सगळं एका भल्या मोठ्या लोखंडी कढईत. आदल्या रात्री चूल पेटते. वल्ह्याएवढ्या लाकडी पळ्याने माणसं पाळीपाळीने ढवळत राहतात, कारण तळ लागला की सगळी कढई गेली. पहाटेपर्यंत मांसाचे तंतू सुटून रश्श्यात मिसळतात आणि मका तेवढा दाताखाली येतो. ढवळणाऱ्या पाळीत फारसं काही करायचं नसतं, म्हणून तिथे गप्पा आणि गिटार चालते.

या भागातली कॅथलिक चर्चं दर उन्हाळ्यात असं जेवण रांधून पैसे उभे करतात. फॅन्सी फार्म या गावची सेंट जेरोम चर्चची पिकनिक १८८० पासून चालत आली आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मेंढी आणि डुकराचं बार्बेक्यू, आणि त्या गर्दीपुढे राज्यातल्या पुढाऱ्यांची भाषणं. ओवेन्सबरोत १९७९ पासून मे महिन्यात बार्बेक्यूचा उत्सव भरू लागला. वेगवेगळ्या चर्चचे संघ नदीकाठी चुली मांडून स्पर्धेत रांधायचे आणि तेच जेवण लोकांना विकायचे. त्याचे पैसे सत्कार्याला जायचे.

स्वयंपाकघराचं आणि ब्लूग्रासचं नातं रेडिओनेही पक्कं केलं. फ्लॅट आणि स्क्रग्ज यांनी मनरोला सोडून स्वतःचा बँड काढल्यावर, १९५३ पासून नॅशव्हिलच्या 'मार्था व्हाइट' या पिठाच्या कंपनीने त्यांचा पहाटेचा रेडिओ कार्यक्रम पुरस्कृत केला. बिस्किटांसाठी कणीक मळणाऱ्या बाईच्या कानावर त्याच वेळी बँजो पडावा, हा त्यामागचा व्यापारी हिशेब. पिठाचं जाहिरातगीत इतकं गाजलं की १९६२ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रेक्षकांनी ओरडून त्याचीच फर्माईश केली. पुढे कोलोरॅडोतल्या एका बँडने तर त्या पिठाच्या जाहिरातीत मिरवणाऱ्या 'हॉट राइज' या फुगवणाऱ्या घटकाचंच नाव स्वतःला घेतलं.

६. पैसे कुठे वाचतात?

आता दुसरा प्रश्न, सरळ वर्गणी का नाही? कागदावर मांडून पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत.

दोनशे माणसं आली, ताट वीस डॉलरचं. जमा चार हजार.

समजा सगळं विकत घेतलं. तंबू-खुर्च्या ६००, ध्वनिव्यवस्था ५००, बँड १,०००, केटररला माणशी आठ डॉलर म्हणजे १,६००. खर्च ३,७००. हातात उरले ३००.

आता गाव स्वतः उभं राहिलं असं धरा. मांस पाळणाऱ्याने अर्ध्या भावात दिलं, ६००. प्लेटा, लाकूड, किरकोळ १५०. एका दिवसाचा विमा २००. जागा, खुर्च्या आणि माइक चर्चचा, रांधणारे घरचे, बँड फुकट. खर्च ९५०. उरले ३,०५०.

यावर दोन छोट्या गोष्टी चढतात. एक म्हणजे 'पाय' या भाजलेल्या गोड पदार्थाचा लिलाव. गावातल्या बायका-पुरुषांनी भाजून आणलेले पंधरा पाय सरासरी वीस डॉलरला गेले, ३००. दुसरी म्हणजे अर्ध्या-अर्ध्याची सोडत. चिठ्ठ्यांचे चारशे डॉलर जमले, निम्मे जिंकणाऱ्याला, निम्मे निधीला. आणखी २००. एकूण ३,५५०.

गर्दी तीच, ताटाची किंमत तीच, आणि हाती येणाऱ्या रकमेत जवळजवळ बारा पटींचा फरक. निधी भरतो तो लोकांनी न लावलेल्या मजुरीने. ब्लूग्रास बँड या गणितात बसतो, कारण त्याच्या रचनेतच खर्चाची कलमं कमी आहेत. चार ॲम्प्लिफायर, ड्रमचा संच आणि जनरेटर लागणारा बँड फुकट वाजवायला आला तरी त्याची मांडणी फुकट होत नाही.

वर्गणी मागितली असती तर काय झालं असतं? काही घरांनी शंभर डॉलर दिले असते, बरीच दारं बंद राहिली असती. ताटाचे वीस डॉलर मात्र शेजारच्या गावचा, बंबाशी काही घेणंदेणं नसलेला माणूसही देतो. आणि ज्याच्याकडे वीसही नाहीत तो कढई ढवळतो, पाय भाजून आणतो, नाहीतर मँडोलिन वाजवतो. देणाऱ्यांची यादी लांब होते. पैसे शेजाऱ्याच्या दवाखान्यासाठी असतील तर आणखी एक गोष्ट साधते. त्याच्या हातावर कुणी नोटा ठेवत नाही. सगळे जेवायला आलेले असतात, त्यामुळे घेणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही.

७. कायदा काय म्हणतो?

दुसऱ्याचं गाणं जाहीरपणे वाजवायचं तर एरवी परवाना लागतो. गीतकार-संगीतकारांच्या वतीने ॲस्कॅप, बीएमआय अशा संस्था त्याचं शुल्क घेतात. अमेरिकी कॉपीराइट कायद्याच्या ११०व्या कलमात मात्र एक सवलत आहे. कलाकार, प्रवर्तक किंवा आयोजक यांपैकी कुणालाही त्या सादरीकरणाचा मोबदला मिळत नसेल, आणि वाजवी खर्च वजा जाता सगळी रक्कम शिक्षण, धर्म किंवा धर्मादाय कामालाच जात असेल, तर प्रवेशशुल्क लावूनही प्रत्यक्ष कार्यक्रमाला परवाना लागत नाही. हक्कधारकाने किमान सात दिवस आधी लेखी हरकत घेतली तर मात्र सवलत उडते. बँडला पैसे दिले की ही वाट बंद. फुकट वाजवणाऱ्या बँडमुळे असं दुहेरी वाचतं. शिवाय फिडलच्या कितीतरी जुन्या चालींवर आता कुणाचाच हक्क नाही.

कराचं पाहू. ताट चाळीस डॉलरचं आणि जेवणाची बाजारभावाने किंमत पंधरा असेल, तर देणगी धरली जाते ती पंचवीसच. पंधरा डॉलरचं तुम्ही खाल्लंत. अशी देवघेव पंचाहत्तर डॉलरच्या वर गेली की संस्थेने हा फरक देणगीदाराला लेखी कळवायचा असतो.

वादकांसाठी नियम कडक आहे. स्वतःच्या वेळेची किंवा कलेची किंमत देणगी म्हणून दाखवता येत नाही. एरवी पाचशे डॉलर घेणारा फिडलवादक संस्थेसाठी तीन तास फुकट वाजवून आला, तर करखात्याच्या दृष्टीने त्याने शून्य डॉलर दिले. येण्याजाण्याच्या पेट्रोलसारखा खिशातून झालेला खर्च तेवढा नियमांत राहून वजावटीला दाखवता येतो.

८. दोन ट्रकवर सुरू झालेला उत्सव

हे सगळं मोठ्या प्रमाणावर कसं चालतं ते पाहायचं तर नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्सबरोला जावं.

या डोंगराळ भागातला डॉक वॉटसन हा अंध गिटारवादक अमेरिकेतल्या श्रेष्ठ वादकांपैकी एक. फिडलवर वाजणाऱ्या वेगवान चाली त्याने गिटारवर एका नखीने वाजवून दाखवल्या आणि पुढच्या पिढ्यांच्या गिटारवादनाची दिशा बदलली. त्याचा मुलगा मर्ल त्याचा साथीदार होता. १९८५ साली ट्रॅक्टरच्या अपघातात मर्ल गेला. तिथल्या विल्क्स कम्युनिटी कॉलेजच्या मंडळींनी मर्लच्या स्मरणार्थ कॉलेजात बाग करायचं ठरवलं आणि तिच्या निधीसाठी डॉकला वाजवायची विनंती केली. १९८८च्या एप्रिलमध्ये मित्र-वादक जमले. मैदानात रंगमंच नव्हताच. सपाट पाठीचे दोन ट्रक उभे करून त्यांवर वाजवलं गेलं.

आज तो उत्सव 'मर्लफेस्ट' म्हणून ओळखला जातो. चार दिवस, अनेक रंगमंच, हजारोंची गर्दी, आणि कॉलेजच्या निधीचा तो मोठा आधार. जेवणाच्या तंबूत स्थानिक मंडळं, चर्चं आणि शाळांचे गट पदार्थ विकतात आणि आपापल्या कामाला पैसे उभे करतात. तिकिटातून कॉलेजला निधी मिळतो, तर जेवणातून गावचे छोटे-छोटे निधी भरतात. एकाच गर्दीवर दोन्ही.

आकार वाढला की गणितही बदलतं. देशभरचे नामवंत यायचे तर मानधन आलं, मोठी ध्वनिव्यवस्था आली, परवाने आले. मागच्या भागातली सवलत इथे चालत नाही. तरी मूळ खुणा राहिल्या आहेत. वाहनतळावर, झाडांखाली, तंबूंच्या मधल्या वाटांवर जॅम चालू असतात, आणि त्यांना कुठलं वेळापत्रक नसतं. ब्लूग्रासचा पहिला अनेक दिवसांचा मोठा उत्सव १९६५ साली व्हर्जिनियातल्या फिनकॅसलच्या घोड्यांच्या शेतावर भरला. रंगमंचावरच्या कार्यक्रमाइतकंच वाहनतळावरचं वाजवणं हे अशा उत्सवांचं अंग तेव्हापासून आहे.

९. फुकट वाजवणाऱ्याचं काय?

आतापर्यंतच्या हिशेबात बँडसमोर शून्य लिहिलं. ते संस्थेच्या वहीत बरोबर आहे. वादकाच्या घरी मात्र तारा महिन्या-दीड महिन्याने बदलाव्या लागतात, चांगला बँजो हजारो डॉलरला पडतो, आणि उभा बास छोट्या गाडीत मावत नाही. नोकरी सांभाळून वाजवणाऱ्याला हे झेपतं. ज्याचं पोटच वाजवण्यावर आहे त्याला दर शनिवारी सत्कार्याचं आमंत्रण येणं परवडत नाही. म्हणून जाणते आयोजक एक बँड मानधनावर आणि दोन हौशी घेतात, किंवा तोच बँड दर वर्षी न बोलावता पाळी लावतात. मानधन दिलं की परवान्याचं शुल्क भरावं लागतं, हेही ते खर्चात धरतात.

या क्षेत्रानेही याची दखल घेतली आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दोनच वर्षांनी एक विश्वस्त निधी उभा केला. आजारपण, अपघात अशा अडचणीत सापडलेल्या ब्लूग्रास व्यावसायिकांना त्यातून मदत मिळते. इतरांच्या निधीसाठी वाजवणाऱ्यांसाठीही कुणीतरी निधी काढायला हवा, हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

तुम्ही कधी अशा कार्यक्रमाला गेलात तर घडीची खुर्ची बरोबर न्या आणि सुटी रोकड ठेवा. बर्गू लवकर संपतो, तेव्हा आधी कढईकडे आणि मग गाण्याकडे. पायच्या लिलावात बोली लावायला लाजू नका. आणि बँडने टेबलावर सीडी मांडल्या असतील तर एखादी घ्या. ताटाचे पैसे बंबाला गेले, वादकाच्या तीन तासांची पावती त्याला कुणीच देणार नाही, त्याच्या खिशात पोचेल ते त्या सीडीचेच.